बोलीचे कौतुक पुरे, आता अभ्यास हवा

उमरीत कुणाच्या घरी दुपारच्या वेळी गेलात आणि ‘दादा कुठे आहे?’ असे विचारलेत, तर आतून उत्तर येईल, ‘दादा जेवायला.’ पाहुणा पुण्या-मुंबईकडचा असेल तर तो पुढच्या शब्दाची वाट पाहत उभा राहतो. जेवायला काय? गेला? बसला? येणार? त्याच्या लेखी वाक्य अर्धवट राहिले आहे. सांगणाऱ्याच्या लेखी मात्र ते पुरे झाले. दादा या घडीला जेवतो आहे, हात धुऊन येईलच, तोवर टेका.

आमच्याकडच्या मराठीवर आजवर जेवढे विनोद झाले, त्यांतले निम्मे या एका रूपावर झाले असतील. स्टेजवरच्या नकलाकाराने ‘काय करायलास?’ एवढे म्हटले तरी सभागृहात हशा पिकतो. हसण्याला माझी हरकत नाही, आम्हीही हसतो. पण ज्या शब्दाला आपण हसतो त्याच्या पोटात काय दडले आहे, हे क्षणभर थांबून पाहायला कुणाला सवड होत नाही. खरी अडचण तिथे आहे.

मी करायलो, तू करायलास, तो करायला, ती करायली, लेकरू रडायलं, पोरं खेळायलीत. हे सारे क्रम लावून म्हणून पाहा. पुरुष, लिंग, वचन यांप्रमाणे रूप बदलत जाते आणि कुठेही चुकत नाही. अंगणवाडीतले पोरही ‘मी करायलास’ असे कधी म्हणत नाही. शिवाय ‘तो शेती करतो’ आणि ‘तो शेती करायला’ यांत फरक आहे. पहिले त्याचे रोजचे काम झाले, दुसरे आत्ता चाललेले. प्रमाण मराठी हाच भेद ‘करतो’ आणि ‘करतो आहे’ अशा रूपांनी दाखवते. या रूपाच्या मुळाशी ‘लागणे’ हे क्रियापद असावे असे मानायला जागा आहे. ‘करायला लागला’ म्हणजे सुरुवात केली; बोलताना ‘लागला’ गळून पडला आणि सुरुवातीचा अर्थ ‘चालू आहे’ असा झाला. लातूर-उदगीरकडे ‘करलालाय’ ऐकू येते, त्यातही ‘लागला’चाच अवशेष दिसतो. पैनगंगा ओलांडून विदर्भात गेलात की ‘करून राहिला’ सुरू होते. तिथे ‘राहणे’ हे क्रियापद मदतीला घेतले आहे. एकच गोष्ट सांगायला मराठीने तीन वाटा काढल्या. त्यांतली एक पाठ्यपुस्तकात गेली आणि बाकीच्या दोन ‘अशुद्ध’ ठरल्या.

दुसरा नमुना पाहा. खेड्यातला माणूस ‘वेळ’ला ‘येळ’ म्हणतो, ‘वेडा’ला ‘येडा’, ‘वेगळा’ला ‘येगळा’, ‘वीस’ला ‘ईस’, ‘विळा’ला ‘इळा’. जीभ जड असल्यामुळे असे होते, असा शिकलेल्यांचा समज. पण तोच माणूस ‘वारा’ला ‘यारा’ म्हणत नाही, ‘वाडा’ला ‘याडा’ म्हणत नाही, ‘वड’ला ‘यड’ म्हणत नाही. जीभ जड असती तर ती सगळीकडेच अडखळली असती. शब्दाच्या आरंभी ‘व’च्या पाठीशी इ किंवा ए आला तरच बदल होतो, अ किंवा आ आला तर होत नाही. याला नियम म्हणतात. हा नियम केवळ मराठवाड्याचा नाही, ग्रामीण महाराष्ट्रात तो दूरवर चालतो. मात्र शाळेच्या वहीत त्याच्यावर लाल शाईची रेघ असते आणि नियमाला ‘चूक’ असे नाव पडते.

मग चूक ठरवली कुणी? याचे उत्तर व्याकरणात नाही, इतिहासात आहे. आज आपण जिला प्रमाण मराठी म्हणतो तिला तिचे सध्याचे रूप इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात मिळाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. शाळा, छापखाने, वर्तमानपत्रे आणि सरकारी कचेऱ्या पुण्या-मुंबईकडे उभ्या राहिल्या. तिथल्या शिकलेल्या वर्गाची बोली पुस्तकाची भाषा झाली. यात कुणाचे कपट नव्हते. छापायला एक साचा लागतो आणि जो छापखान्याजवळ राहतो त्याचा साचा चालतो.

त्या वेळी आम्ही कुठे होतो? निजामाच्या राज्यात. कारभाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले तेही उर्दू माध्यमाचे. मराठी घरात, शेतात, कीर्तनात आणि बाजारात राहिली. एवढेच नव्हे, सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८९४ पासून हिंदुस्थानच्या भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. पण मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान या पाहणीच्या कक्षेबाहेरच राहिले. म्हणजे मराठीच्या बोलींची पहिली मोठी मोजदाद झाली तेव्हा आमचे अंगण वगळून झाली. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही स्वतंत्र झालो, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. आल्याबरोबर तयार पाठ्यपुस्तके हाती पडली. मराठी शिकायला मिळाली याचा आनंद इतका मोठा होता की ‘ही कुणाची मराठी?’ हा प्रश्न विचारायचे सुचले नसावे.

गंमत अशी की, मराठीचे जुनेपण सिद्ध करायचे म्हटले की सारे जण आमच्याच दिशेला बोट दाखवतात. मुकुंदराज अंबाजोगाईचे, ज्ञानेश्वरांचे कुळ आपेगावचे, जनाबाई गंगाखेडची, एकनाथ पैठणचे. महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी तर पंडितांना संस्कृत सोडून मराठीत लिहायला लावले, कारण साध्या बायाबापड्यांना संस्कृत कळणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या जुन्या ग्रंथांतले ‘म्यां’ हे रूप आमच्या शेतावरची बाई आजही ‘म्या केलं’ म्हणताना वापरते. पोथीत ते असले की आपण हात जोडतो आणि तिच्या तोंडून आले की नाक मुरडतो.

हे दुखणे आपल्याच नशिबी आले असे मात्र नाही. इंग्रजीच्या पोटात राहून आपली भाषा जपू पाहणाऱ्या एका लहान देशाची कहाणी इथे सांगण्यासारखी आहे. तो देश म्हणजे स्कॉटलंड. तिथल्या डोंगराळ भागातली गेलिक ही भाषा निराळ्याच कुळातली. सखल भागात मात्र ‘स्कॉट्स’ बोलतात. ती इंग्रजीची सख्खी बहीण. दोघींचे मूळ एक. एके काळी ती राजदरबाराची, कायद्याची आणि काव्याची भाषा होती. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि दरबार लंडनला गेला. देवळात बायबल वाचले जायचे ते इंग्रजीतले. १७०७ साली पार्लमेंटही लंडनच्या पार्लमेंटात विलीन झाले. दरबार, देऊळ आणि कायदा हे तिन्ही आधार गेल्यावर भाषेची बोली व्हायला वेळ लागला नाही. अठराव्या शतकात एडिंबरोचे विद्वान आपल्या लिखाणात चुकून येणाऱ्या स्कॉट्स शब्दांच्या याद्या करू लागले, ते टाळता यावेत म्हणून! डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानेही अशी यादी केली होती.

त्याच शतकात, १७८६ साली, रॉबर्ट बर्न्स नावाच्या शेतकऱ्याच्या पोराने स्कॉट्समध्ये कवितांचे पुस्तक काढले आणि देशाने त्याला डोक्यावर घेतले. आजही दर वर्षी २५ जानेवारीला त्याच्या जयंतीच्या पंगती जगभर झडतात. पण त्याच्या कवितेतले शब्द वर्गात मुलाने उच्चारले की हातावर चामड्याचा पट्टा बसायचा. वर्षातून एक दिवस भाषेची आरती करायची आणि उरलेले दिवस तिच्या लेकरांना मारायचे, असा हा प्रकार. कौतुकाने भाषा जगत नाही, हे स्कॉटलंडने दीडशे-दोनशे वर्षे अनुभवले.

तिला आधार दिला तो वेगळ्या लोकांनी. जॉन जेमीसन यांनी १८०८ साली स्कॉट्सचा पहिला मोठा कोश काढला. विसाव्या शतकात दोन कोशांची कामे सुरू झाली. अर्वाचीन भाषेचा दहा खंडांचा कोश १९३१ ते १९७६ या काळात छापून झाला, जुन्या भाषेचा कोश पुरा व्हायला २००२ साल उजाडले. सत्तर वर्षे माणसे येत-जात राहिली, काम थांबले नाही. अभ्यास झाला तेव्हा व्याकरणाचे वेगळेपणही मांडता आले. आजच्या इंग्रजीत ‘हा’ आणि ‘तो’ दाखवणारे दोनच शब्द; स्कॉट्समध्ये त्याच्याही पलीकडचे दाखवणारा ‘यॉन’ हा तिसरा. नकार हवा असेल तर क्रियापदालाच ‘ना’ जोडायचा. स्कॉट्सच्याही पोटात बोली आहेत. ईशान्येकडची डोरिक वेगळी, शेटलंड बेटांची वेगळी, समुद्रापार अल्स्टरची आणखी वेगळी. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्कॉट्सबद्दल प्रश्न विचारला गेला आणि पंधरा लाखांवर लोकांनी ‘बोलता येते’ असे सांगितले. अखेर २०२५ साली तिथल्या संसदेने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला.

या कहाणीला २०२० साली एक शेपूट जोडले गेले. विकिपीडिया या ज्ञानकोशाच्या स्कॉट्स आवृत्तीतले हजारो लेख अमेरिकेतल्या एका मुलाने लिहिले असल्याचे उघडकीला आले. त्याला स्कॉट्स येत नव्हती. हेतू चांगला, उत्साह दांडगा. इंग्रजी वाक्य घ्यायचे आणि कोशात पाहून शब्द पालटायचे, एवढेच तो वर्षानुवर्षे करत होता. वाचणाऱ्यांनी समज करून घेतला की स्कॉट्स म्हणजे बिघडवलेले इंग्रजी. बोलीला शत्रूपेक्षा अडाणी चाहता जास्त महाग पडतो. आपल्याकडे मालिकांत ‘आहे’च्या जागी ‘हाय’ आणि ‘नाही’च्या जागी ‘न्हाय’ घातले की गावरान भाषा तयार होते, त्याचीच ही विलायती आवृत्ती. कोल्हापूरचा, बीडचा आणि धर्माबादचा शेतकरी त्या मालिकांत एकच भाषा बोलतो. अशी भाषा महाराष्ट्राच्या नकाशावर कुठेच बोलली जात नाही.

अर्थात स्कॉट्सचे माप आपल्या बोलीला जसेच्या तसे लावता येणार नाही. स्कॉट्स एका राज्याची भाषा होती. आमची बोली मराठीच आहे आणि तिला मराठीपासून वेगळे व्हायचे नाही. भाषा कोणती आणि बोली कोणती, याचा निकाल बहुधा राजकारण लावते. कोकणीचा वाद आपण पाहिलाच. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली आठव्या अनुसूचीत गेली. आम्हाला दर्जा नको. आमचे मागणे त्याहून साधे आहे. आम्ही काय बोलतो ते एकदा नीट ऐका आणि लिहून ठेवा.

ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. उमरी हे मुदखेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे गाव. पुढे धर्माबाद लागते, गोदावरी ओलांडली की बासर, म्हणजे तेलंगण. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा नांदेड जिल्ह्यातले मुधोळ, भैंसा, कुबेर, तसेच देगलूर तालुक्यातले बिचकुंदा आणि जुक्कल हे भाग आंध्रात गेले. सीमा हलल्या, सोयरिकी हलल्या नाहीत. त्यामुळे आमच्या शब्दांची वंशावळ मोठी रंगीत आहे. ठेक्याला आम्ही ‘गुत्ता’ म्हणतो आणि ठेकेदाराला ‘गुत्तेदार’. तेलुगूत ‘गुत्त’ आहे, कन्नडात ‘गुत्तिगे’. हातरुमाल म्हणजे ‘दस्ती’, ती हैदराबादी उर्दूतून आली. धान्याचा बाजार म्हणजे ‘मोंढा’. शेतावरच्या गोठ्या-घराला ‘आखाडा’ म्हणतात. तिथे कुस्ती होत नाही, बैल आणि सालगडी राहतात. वेळ अमावास्येला आम्ही ‘येळवस’ म्हणतो आणि शेतात जाऊन आंबील पितो. कर्नाटकात त्याच सणाला ‘एळ्ळ अमावास्या’ म्हणतात. देणे-घेणे एकतर्फी नाही. हैदराबादच्या दखनीतले ‘नक्को’ हे आपलेच ‘नको’ आणि ‘ऐसाइच’मधला ‘च’ही मराठीचाच. याच जिल्ह्यात तांड्यावर गोरमाटी, किनवटच्या जंगलात गोंडी आणि कोलामी. भाषेच्या अभ्यासकाने आयुष्य काढावे असा हा मुलूख.

पण वेळ थोडा आहे. माझ्याकडे एक वही आहे, कानावर पडलेले शब्द मी तीत टिपतो. सर्वांत वेगाने शेतीचे शब्द चालले आहेत. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, मळणी यंत्रावर होऊ लागली. खळे गेले, त्याच्या मधोमध रोवलेला तिवडा गेला, त्याभोवती बैलांची पात फिरायची ती गेली, वावडीवर उभे राहून वाऱ्यावर उफणणे गेले. वस्तू गेल्यावर शब्द जाणारच, त्याला कोण काय करणार? माझे म्हणणे एवढेच की जाण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावी. पात धरणे म्हणजे काय हे हाताने केलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

दुसरे नुकसान वर्गात होते आणि ते मला अधिक बोचते. सहा वर्षांचे लेकरू शाळेत येते तेव्हा ते भाषा घेऊनच येते. पहिल्याच दिवशी ते ‘बाई, पानी प्यायला जाऊ?’ म्हणते आणि बाई म्हणतात, ‘पाणी म्हण!’ न आणि ण हा फरक त्याच्या घरी नाहीच. तीन-चार वेळा टोकले की चलाख मूल बोलणे बदलते आणि बुजरे मूल बोलणेच बंद करते. हे बुजरे मूल पुढे ‘अभ्यासात कच्चे’ म्हणून गणले जाते. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी बोलीतली नाटुकली पाहिली. टाळ्या कडाडल्या. त्याच शाळेत वर्गात बोलीत उत्तर दिले तर गुण कापले जात होते. बर्न्सची जयंती आणि चामड्याचा पट्टा दोन्ही एकाच इमारतीत!

इथे पालक विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, ‘मग आमच्या पोरांनी परीक्षेत, मुलाखतीत ‘करायलो’ म्हणायचे काय?’ मुळीच नाही. प्रमाण मराठी आलीच पाहिजे, तीही चोख. नागपूरचा माणूस आणि सिंधुदुर्गचा माणूस एकमेकांशी लेखी व्यवहार करतात तो तिच्यामुळेच. खेड्यातल्या मुलाला ती न शिकवणे म्हणजे त्याच्यावर अन्यायच. प्रश्न शिकवण्याच्या रीतीचा आहे. ‘तू चुकलास’ म्हणून शिकवता येते, तसे ‘घरी आपण असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात’ असे म्हणूनही शिकवता येते. दुसऱ्या रीतीने मूल दोन रूपे शेजारी ठेवून पाहते, त्यांतला नियम त्याला दिसतो आणि व्याकरण नावाच्या बागुलबुव्याची भीती जाते. घरची भाषा वर्गात आणा, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते. पण त्यासाठी शिक्षकाच्या हाती त्या त्या बोलीचे छोटे व्याकरण हवे, शब्दसंग्रह हवा. तो आकाशातून पडणार नाही.

कामे झालेलीच नाहीत असे नाही. डॉ. अ. मा. घाटगे यांनी साठच्या दशकापासून मराठी बोलींच्या वर्णनाची मालिका चालवली. कुडाळी, वारली, कोकणीची काही रूपे तीत आली. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ साली निघाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने गावोगावी जाऊन लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आहे. लेखकांनी तर आधीच वाट दाखवली; लातूरकडच्या रा. रं. बोराडे यांनी १९७१ साली ‘पाचोळा’ ही सबंध कादंबरी एका खेडूत बाईच्या बोलीत सांगितली आणि या बोलीत हसू पिकवण्याखेरीज दुःख सांगण्याचीही ताकद आहे हे दाखवून दिले. पण हा पाया आहे. त्यावर गावागावाचे काम व्हायचे आहे.

नांदेडला १९९४ पासून आपले विद्यापीठ आहे, तालुक्या-तालुक्याला महाविद्यालये आहेत. मराठीच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या एका गावाची बोली नोंदवली, तर पाच वर्षांत साऱ्या जिल्ह्याचा नकाशा तयार होईल. घरी बसूनही हातभार लावता येतो. सुटीत गावी जाल तेव्हा आजी-आजोबांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर त्यांचे बोलणे घ्या. सुटे शब्द विचारू नका. पेरणी कशी व्हायची, लग्न कसे लागायचे, दुष्काळात काय खाल्ले, ते सांगायला लावा. माणूस गोष्टीत रंगला की आपली खरी भाषा बोलतो. नोंदीवर गाव, वय आणि तारीख घाला. ते नसेल तर अभ्यासकाला उपयोग नाही. जे ऐकाल तेच लिहा, सुधारून लिहू नका. ‘पानी’ ऐकले तर ‘पानी’च लिहा.

आणि नातवंडे हे काम करताना दिसली की घरात आणखी एक गोष्ट घडते. आजवर पाहुण्यांपुढे ‘मला मेलीला काय बोलता येतंय’ म्हणून पदराआड होणारी आजी सावरून बसते. आपल्या बोलण्यात कुणी तरी शिकण्यासारखे शोधते आहे, हे तिला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कळते. कोश होतील तेव्हा होतील, व्याकरणे निघतील तेव्हा निघतील. तिचे हे सावरून बसणे मात्र येत्या सुटीत तुमच्या-आमच्या हातात आहे.